मापाचं भांडं

धनेशदादा,

मी पुढं जाऊन दवाखान्यात नंबर लावते. तू ड्युटीवरून आलास की तसाच बाबांना रिक्षाने घेऊन ये. पाणी मागितलं तर दोनच घोट दे, सूज पायावरून तोंडावर चढलीय. लघवीच्या मापाची वही आणू नकोस, त्यातलं सगळं खोटं आहे. परवा मोरीच्या दाराच्या फटीतून पाहिलं, बाबा मापाच्या भांड्यात तांब्याने पाणी ओतत होते. डायलिसिसवर टाकतील म्हणून घाबरलेत. आणि मी वेडी, आकडा वाढतोय म्हणून रोज देवापुढं साखर ठेवत होते.

त्यांना काही बोलू नकोस. काल सकाळी मी मोरीतली पाण्याची बादली गुपचूप बाहेर काढली. भांडं तिथंच आहे, बघ. कालपासून तळसुद्धा झाकलेला नाही.

वैशाली