निंगूची झोप

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
६ डिसेंबर १९७७

ती. स्व. मामंजी व आत्याबाई यांना सौ. दाक्षायणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं खुशालीचं कार्ड पोचलं. ज्वारी पोटऱ्यात आल्याचं वाचून यांना बरं वाटलं. हुरड्याला या म्हणून लिहिलंत, पण एवढ्या लहान लेकराला घेऊन मंगळवेढ्यापर्यंत एस. टी.नं कसं यावं, ते सुचत नाही.

तुमच्या नातवाला, निंगूला, सातवा महिना लागला. खालचे दोन दात दिसतात, आणि मामंजींचा फोटो दाखवला की त्यातल्या पागोट्याला हात घालतो. दिवसा त्याच्यासारखा गुणी कोणी नाही. रात्रीचं मात्र सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी झोळीत घातला की झोपतो. हे गिरणीतल्या दुसऱ्या पाळीहून येतात त्या सुमाराला उठतो, आणि मग पहाटेपर्यंत घटकाघटकाला उठत राहतो. उचललं की गप्प, ठेवलं की सुरू. हे आल्यावर थोडा वेळ दिव्याखाली त्याला खेळवतात, तेवढीच मला उसंत. पण मग यांचीही झोप मोडते. दृष्ट काढून झाली, पोटाला हिंग लावून झाला, ओव्यानं शेकून झालं.

भिंतीपलीकडचे गैबीसाब एस. टी.वर ड्रायव्हर आहेत. त्यांना पहाटेची गाडी काढायची असते. जमीलाभाभी तोंडानं काही बोलत नाहीत, पण परवा गैबीसाब एवढ्या थंडीत बाज उचलून अंगणात झोपले. सकाळी मला त्यांच्या घरावरून नळाला जाववेना.

आत्याबाई, तुम्ही पाच लेकरं वाढवलीत. तुम्हीच काही सांगा. उत्तराची वाट पाहते.

तुमच्या मायेची,
दाक्षायणी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मंगळवेढा,
१२ डिसेंबर १९७७

चि. सौ. दाक्षायणीस चनमल्लप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या सासूला वाचून दाखवलं. ती चुलीपुढून सांगते आहे. जन्मभर शाळेत पोरांचं शुद्धलेखन तपासलं, पण हिचं दुरुस्त करायची हिंमत नाही, म्हणून तसंच्या तसं लिहितो.

दाक्षायणी, पोरगं रडतंय म्हणून तू बी रडत बसू नको. लेकरं रडत्यातच की. त्याचं पोट भरत नसंल. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून जरा जरा चाटव. न्हाऊ घालताना टाळूला तेल जिरव. तू सोता जेवतीस का न्हाय? शिवपुत्र जेवल्याबिगर तू जेवत न्हाईस हे मला ठावं हाय. ते बंद कर. तो मध्यान रातीला येतो, तवर दूध कुटनं यील? आन येवढं करून बी झोपला न्हाय तर बाळगोळी उगाळून दे. मी शिवपुत्राला दोन वर्सं दिली, तवा आमचं रानातलं काम झालं. झोळी बाभळीला बांधायची, गोळी चाटवायची, दिसभर चूं म्हणून न्हाय. तो काय वाईट झाला का? लई इचार करू नको.

इथवर तिचं. आता माझं. त्या गोळीत अफू असते, ती देऊ नकोस. तिचा गोळीचा मजकूर मी लिहिणार नव्हतो, पण ती म्हणाली, तुमी न्हाय लिवलं तर पोस्टमास्तरकडनं लिवून घेते. म्हणून तिचंही लिहिलं आणि माझंही लिहिलं. कण्यांचं मात्र तिचं खरं आहे.

निंगूच्या गालाला माझ्या दाढीचा पापा. सगळे सुखात राहा.

चनमल्लप्पा

सोलापूर,
२० डिसेंबर १९७७

ती. स्व. मामंजी व आत्याबाई यांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

निंगू कण्या आवडीनं खातो. मीही आता संध्याकाळी आधी जेवून घेते. पहिल्या दिवशी हे घरी आले तेव्हा माझं तोंड चोरासारखं झालं होतं, पण हे हसले. रात्रीत मात्र काही फरक नाही.

गोळीचं मामंजींनी लिहिलं तसंच मी ठरवलं आहे. आत्याबाईंनी राग मानू नये. तुमचं पत्र यांनीच वाचून दाखवलं. आईचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि मामंजींचा मनातल्या मनात. पुढचं मी नंतर वाचलं.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. शनिवारी गिरणीत यांना मागावर उभ्या उभ्या डुलकी लागली. मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरनं दंड धरून मागं ओढलं, नाहीतर हात पट्ट्यात गेला असता. मला हे जॉबरच्या बायकोकडून कळलं. मी विचारल्यावर हे म्हणाले, दोन हात शाबूत आहेत ना, मग विषय संपला. त्या दिवसापासून घरात कोणी धड बोलत नाही. मी यांना माझ्या भावाकडे झोपायला जा म्हटलं, तर रागावले. म्हणाले, मी माझ्या लेकराचं तोंडही बघू नको का?

काय करावं कळत नाही. तुमचा दोघांचा हात डोक्यावर असू द्या.

दाक्षायणी

सोलापूर,
३ जानेवारी १९७८

ती. स्व. मामंजींना दाक्षायणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

निंगू आता बरा आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही घाबरणार नाही. आत्याबाईंना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

गेल्या आठवड्यात यांच्या सुट्टीच्या दिवशी मी संध्याकाळी नळावर धुणं धूत होते. परत आले तर निंगू झोपलेला. रात्री एकदाही उठला नाही, आणि मीही मेल्यासारखी झोपले. पहाटे गैबीसाबच्या दाराची कडी वाजली तेव्हा जाग आली. छाती दुधानं दगड झाली होती. निंगूला घेतलं, तर मान लुळी. तोंडाशी धरलं तरी ओढेना. ओठ निळसर दिसत होते, आणि एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

मी हाक मारली तसे हे उठले आणि लेकराकडे बघून भिंतीला टेकून खालीच बसले. मग म्हणाले, मी गोळी दिली. बाजारातून आणली होती. एकीनं काही होईना, म्हणून दुसरी उगाळली.

जमीलाभाभी धावत आल्या. गैबीसाबनी डेपोकडे जायचं सोडून टांगा आणला आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी पापणी उघडून पाहिली आणि अफू दिलीत का, एवढंच विचारलं. यांनी हो म्हटलं. मला वाटलं होतं, हे खोटं बोलतील. डॉक्टरांनी नळी लावली, सुई दिली, आणि म्हणाले, याला आता झोपू देऊ नका, तळव्यांना टिचक्या मारत राहा.

मामंजी, या पोरानं झोपावं म्हणून आम्ही जीव टाकत होतो, आणि तो सबंध दिवस आणि ती रात्र आम्ही दोघं त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत बसलो. त्याचे डोळे मिटले की मी नाव घेऊन हाका मारायचे. हे टिचकी मारायचे आणि तोंड फिरवायचे. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो रडला. चांगला मोठ्यानं, सगळा वॉर्ड जागा झाला.

आता घरी आणलंय. पुन्हा पहिल्यासारखाच उठतो. हे त्याला हात लावत नाहीत. घरी येतात आणि दारातच बसून राहतात. माझा राग अजून गेलेला नाही, आणि यांना असं बघवतही नाही.

तुम्हीच आता काय ते सांगा.

दाक्षायणी

मंगळवेढा,
६ जानेवारी १९७८

चि. सौ. दाक्षायणीस आशीर्वाद.

तुझं पत्र हिला सगळं वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. उठली, भाकरी बांधल्या आणि माझ्याकडं एस. टी.ची वेळ विचारली. आजवर एकटी कधी सोलापूरला गेलेली नाही. सोबत येऊ का म्हटलं, तर नको म्हणाली. हे कार्ड पोचेल तेव्हा ती तुझ्याकडे असेल. तिला फार विचारू नकोस. शिवपुत्राला म्हणावं, बाप रागावलेला नाही.

चनमल्लप्पा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२२ जानेवारी १९७८

ती. स्व. मामंजींना दाक्षायणीचा शि. सा. नमस्कार.

आत्याबाई सांगताहेत, मी लिहिते. मीही काही दुरुस्त करत नाही.

मालकास्नी चंद्रव्वाचा नमस्कार. हितं समदी बरी हायती. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली, निंगूला मिरवणुकीतले नंदीध्वज दाखवले. तुमच्या नातवाला काय झालंय ते मला दोन रातीत कळलं. शिवपुत्र पाळीवरनं येतो, कडी वाजवतो, दिवा लावतो, आन सून सांगती, आदी तो पोराला उचलून पोटावर बसवायचा. घोडा काय व्हायचा, मांजर काय व्हायचा. दिसभर ह्यो झोपलेला, मग पाळीला गेलेला. पोराला बाप तेवढाच घावतो. मग ते उटंल न्हाय तर काय करंल? ते वाट बघत उटतंय. आन येकदा झोप मोडली की रातभर मोडती.

मी शिवपुत्राला म्हनलं, सकाळी आट वाजता ऊठ. पोराला घिऊन तळ्यावर जा, दोन घंटे तुजा तू खेळव. मग दुपारी झोप. रातीला आलास की दिवा लावायचा न्हाय, बोलायचं न्हाय. तो म्हनला, आई, मी त्येला हात लावनार न्हाय. मी निंगूला त्येच्या मांडीत ठिवलं आन भांडी घासाय गेले.

पयल्या रातीला पोरगं लई रडलं. मी उचललं न्हाय, नुसतं थोपटलं. शिवपुत्र भाईर पायरीवर बसला हुता, कानावर हात ठिवून. दुसऱ्या रातीला बी तसंच. मग कमी हुत गेलं. आता कुसपटतंय, थोपटलं की झोपतंय. उटतंय येकदा दुधाला, ते उटनारच की.

पर आता तुमची सून झोपत न्हाय. पोरगं झोपलं की ही त्येच्या नाकापुढं हात धरून बसती. हिला मी सांगून थकले. आता हे ती लिवती का न्हाय कुनाला ठावं. शेंगा निवडून ठिवा. म्हशीला येळंवर पानी दावा.

त्यांचं सांगून झालं. मी सगळं लिहिलं, माझ्याबद्दलचंसुद्धा. खालचं मात्र त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

हे आता सकाळी निंगूला खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर जातात. परवा येताना दोघांचे कपडे चिखलानं माखलेले होते, आणि हे हसत होते. मी धुवायला घेतले तर म्हणाले, राहू दे, मी धुतो. मी धुऊ दिले.

आत्याबाई आल्यापासून गोळीबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला मोठ्यानं दरडावलं की आज तू भिंतीकडं तोंड करून झोपायचं, पोराकडं मी बघते. मी झोपले. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. घाबरून वळले, तर आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या, हात निंगूच्या पोटावर, डोळे उघडे. निंगू घोरत होता. मी म्हटलं, तुम्ही झोपला नाहीत का? त्या म्हणाल्या, झोपले की, आत्ताच उठले. त्यांचं अंथरूण घडी घातलेलं तसंच होतं. त्यानंतर रोज तसंच असतं.

शुक्रवारच्या गाडीनं त्या तिकडे येताहेत. गैबीसाब स्वतः बसवून देणार आहेत. मामंजी, त्या आल्या की लगेच रानात नेऊ नका. ज्वारीची राखण कोणाकडे तरी द्या, म्हशीचंही बघा, आणि त्यांना झोपू द्या. उठवू नका.

तुमचीच लेक,
दाक्षायणी