अकरा नंबरची खुंटी

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. माझे गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. दोन गल्ल्या ओलांडल्या की तुझं घर, आणि ताई पत्र लिहीत बसलीय, म्हणजे हिचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. रविवारपासून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझं ब्लडप्रेशर विचारून ठेवून दिला. तिसऱ्यांदा तू म्हणालास, ताई, माझं बीपी तुला एवढं कशाला लागतंय. तेव्हाच ठरवलं की हे तोंडाने होणार नाही.

क्लबात कपडे धुवायच्या खोलीत बसून लिहितेय. तिन्ही मशीन चालू आहेत. एका खेपेला पन्नास मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात मला बसण्यापलीकडे काम नसतं. नेमकं बसणंच हल्ली जमत नाही. मघापासून टॉवेलांची एकच चळत दोनदा मोडून दोनदा रचली. मध्येच उठावं लागेल, तेव्हा धागा तुटला तर तूच जोडून घे.

आधी त्या निवडीच्या कागदाचं. तो तुमच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली लटकतोय, हे मला तुझ्या ठमीनेच सांगितलं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पालकाची सही होऊन तो क्लबाच्या ऑफिसात यायला हवा, नाहीतर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. आज बुधवार. सोमवारी तुझी लेक इथे आली आणि टॉवेलांच्या ढिगावर बसून राहिली. रडली नाही. तुझ्यासारखीच, आधी हनुवटी थरथरते आणि मग ती खिडकीबाहेर बघायला लागते. म्हणाली, आत्या, बाबांनी आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. तू एवढंच म्हणालास म्हणे, की ज्या क्लबाने मला माणूस म्हणून नापास केलं तिथे माझी मुलगी जाणार नाही, आणि हत्यारांची पेटी उचलून कुठलीतरी लिफ्ट दुरुस्त करायला निघून गेलास. मी तिला म्हटलं, मी बोलते बाबाशी. तर हे माझं बोलणं.

तिची ट्रायल तू बघायला आला नाहीस. मी बघितली, वाळत घातलेल्या जर्सींच्या आडून. पाय छान आहेत पोरीचे, पण पायाचं जाऊ दे, पाय तिथे सगळ्याच जणींचे छान होते. दुसऱ्या अर्ध्यात तिच्याच बाजूच्या एका मुलीने गडबडीत चेंडू आपल्याच गोलात मारला. ती मुलगी तोंड झाकून उभी. बाकीच्या कमरेवर हात ठेवून एकमेकींकडे बघतायत. आपली ठमी दुसऱ्या टोकाला होती, ती सगळं मैदान ओलांडून धावत आली, तिचे हात तोंडावरून काढले, काहीतरी बोलली, आणि चेंडू काखेत मारून मधल्या रेषेवर नेऊन ठेवला. खेळ सुरू झाल्यावर पहिला पास तिने त्याच मुलीला दिला. नव्या कोचबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर ड्रेसिंग रूममध्ये गेले तर ठमीचे मोजे उलटे, एक बाकाखाली आणि एक शॉवरपाशी. मी हसले आणि मग एकदम हसू थांबलं. का, ते पुढे येईल.

पहिलं मशीन थांबलं होतं. वाळत घालून आले.

मास्तरांचं वेड तुला अर्धंच माहीत आहे. आमच्या जुन्या कोचला आम्ही मास्तर म्हणायचो, कारण ते शाळामास्तरासारखे चष्म्याच्या वरून बघायचे. तुझ्या ट्रायलच्या आधी त्यांच्याकडे एक फॉरवर्ड होता. चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळायचा. एका हंगामात एकोणीस गोल केले आणि टीमचं वाटोळं केलं. कोणाला पास द्यायचा नाही, हरलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, नवख्या खेळाडूंची सगळ्यांसमोर टिंगल करायची. शेवटी शेवटी जेवायच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. त्या वर्षी आम्ही खालच्या विभागात घसरलो. मास्तरांनी धसका घेतला. तेव्हापासून खेळ ते स्वतः बघायचे, आणि माणूस कसा आहे ते आम्हाला विचारायचे. बस चालवणाऱ्याला विचारायचे, उतरताना कोण दोन शब्द बोलतं. कँटीनवाल्या बाईंना विचारायचे, ताट कोण उचलून आणून देतं. आणि आमच्या खोलीतून प्रत्येक खुंटीचं एक कार्ड जायचं.

हे कार्डांचं मी घरी कधी बोलले नाही, कारण खेळाडूंना कळलं असतं तर सगळ्यांनीच शहाण्यासारख्या घड्या घातल्या असत्या. ट्रायलच्या दिवशी कोणी कुठल्या खुंटीखाली बसायचं हे सकाळी यादीत ठरायचं. सगळे निघून गेले की आमच्यातलं कोणीतरी आत जाऊन बघायचं. मोजे सरळ करून ठेवलेत की गोळा करून फेकलेत, पायाच्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात आहेत की जमिनीवर, टॉवेल कुठे आहे. कार्डावर नाव लिहायचं नाही, फक्त खुंटीचा नंबर. नावं कारकून नंतर यादीवरून जुळवायचा. मास्तरांचं म्हणणं, कोचसमोर सगळेच सज्जन असतात, पण कपडे गोळा करणाऱ्या बाईला कोणी प्रेक्षक समजत नाही. तेव्हा मला हे फार पटायचं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. कपडे धुणारी बाई, आणि टीममध्ये कोण येणार ते माझ्या शब्दावरही ठरतंय.

ठमीच्या ट्रायलच्या आधी मी कोचबाईंना सांगितलं, या वेळी माझ्याकडून कार्ड मिळणार नाही. त्यांना वाटलं, भाची आहे म्हणून. मी तसंच वाटू दिलं.

तुझा तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो, आणि आठवू नये म्हणून मी चोवीस वर्षं खूप कामं केली. सकाळी आपलं भांडण झालं होतं. तू ओला टॉवेल पुन्हा माझ्या बिछान्यावर टाकला होतास. लहानपणापासून तुझा पसारा मीच आवरायचा, तुझ्या दप्तरातले शिळे डबे मीच काढायचे, शाळेला दांडी मारल्याच्या चिठ्ठ्या आईच्या नावाने मीच लिहायच्या. मी तणतणत कामावर आले आणि तू मागाहून शीळ घालत मैदानावर आलास. काय खेळलास त्या दिवशी. माझ्या हातातली चिमट्यांची टोपली खाली पडली होती तुझ्या दुसऱ्या गोलला. आणि आठ दिवसांनी मास्तरांनी तुला खोलीत बोलावून सांगितलं, पाय उत्तम आहेत तुझे, पण तू फक्त स्वतःपुरता आहेस, अशा माणसाला मी टीममध्ये घेत नाही.

तू बूट माळ्यावर टाकलेस. मी ताट घेऊन तुझ्या दाराशी बसले आणि मास्तरांना सात पिढ्यांचा उद्धार होईल इतक्या शिव्या घातल्या. तू म्हणालास, ताई, निदान तुला तरी मी कसा आहे ते माहीत आहे. मी म्हटलं, हो रे. आज लिहितानाही कानात गरम वाटतंय.

मग तू लिफ्टच्या कामाला लागलास. त्या अकरा मजली इमारतीत एक म्हातारी बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आठवतं? सुटा भाग यायला चार तास लागले, आणि ते चार तास तू फटीला तोंड लावून तिच्याशी बोलत पालथा पडून होतास. तिला तिच्या सगळ्या नातवंडांची नावं सांगायला लावलीस. घरी आलास तेव्हा घसा बसला होता. असा माणूस स्वतःपुरता कसा, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला होता. मी म्हटलं, सुधारला असेल.

आत्ता वाजलं ते मशीन नव्हे, फोन होता. तुझाच. मी उचलला नाही, रागवू नकोस. आता आवाज ऐकला असता तर हे पत्र इथेच संपलं असतं.

गेल्या महिन्यात मास्तरांचा निरोपसमारंभ झाला. लंबू बोलायला उठला. तुला लंबू माहीत आहे, तुझ्याच दिवशी ट्रायलला आला होता आणि निवडला गेला. अकरा वर्षं डिफेन्समध्ये खेळला, आता कोचबाईंचा मदतनीस आहे. पसारा म्हणशील तर आजही त्याचा एक मोजा मला पाइपामागे सापडतो. पण आम्ही दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा निम्मी टीम दुसऱ्या क्लबात पळाली आणि हा राहिला. नव्या पोरांना घेऊन पावसाचिखलात सराव करायचा, हरल्यावर आधी स्वतःची चूक सांगायचा. इतका ढिसाळ माणूस आणि इतका पक्का. तर तो हसत हसत सांगायला लागला, मी इथे आलो तेच एका अनोळखी पोराच्या जिवावर. ट्रायलच्या दिवशी मला ताप होता आणि माझी खुंटी होती अकरा नंबरची, गळक्या पाइपाखाली. सात नंबरवाल्याने माझं कुडकुडणं बघितलं, मला उचलून आपल्या जागी बसवलं आणि स्वतः पाइपाखाली जाऊन बसला. खेळ झाल्यावर मला उभंही राहवत नव्हतं, सगळं तिथेच टाकून घरी पळालो. नाव विचारायचं राहिलं बघा त्या पोराचं.

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांचे कप गोळा करून धुवायला नेले. धुतलेलेही पुन्हा धुतले. महिना झाला, मला एका जागी बसवत नाही. मास्तरांनी जाताना जुन्या कार्डांचा खोका माझ्याकडे ठेवलाय. तो मी आठ दिवस उघडला नाही. नंतर उघडला.

या पाकिटात दोन कार्डं आहेत. अक्षर बघशील तर तुला नावाची गरज पडणार नाही, शाळेच्या चिठ्ठ्यांमधलंच आहे. पहिल्यावर लिहिलंय, सात : मोजे उलटे, पट्ट्या जमिनीवर, ओला टॉवेल बाकावर, स्वतःच्या पलीकडे पाहत नाही. सातची खुंटी तुझी, हे मला सकाळच्या यादीवरून माहीत होतं. लिहू नये असं मनात आलं होतं, पण बहीण म्हणून झाकलं असं कोणी म्हणायला नको होतं, आणि दुसरं म्हणजे, खोटं नाही सांगत, तो ओला टॉवेल बघून मला वाटलं, याला एकदा कळू दे. क्षणभरही शंका आली नाही, कारण तुझा पसारा माझ्या इतक्या ओळखीचा होता. म्हणजे नापास तुला क्लबाने नाही केलं, मास्तरांनीही नाही, त्यांनी फक्त माझं वाक्य तुला वाचून दाखवलं. आणि त्यावरून तू ठमीची वाट अडवतोयस, म्हणून हे शुक्रवारच्या आत लिहावं लागलं. सही कर, तिच्यासाठी. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव, मी दोन गल्ल्यांपलीकडेच आहे. दुसरं कार्ड मात्र तुझं तुझ्याकडे ठेव. त्यावर लिहिलंय, अकरा : मोजे सरळ करून जोडीने ठेवलेत, गळक्या पाइपाखाली बादली लावलीय, जाताना बाक पुसलंय, हा कोण आहे मला माहीत नाही पण असा माणूस टीममध्ये हवा.

तुझीच, तुझा पसारा आवरणारी,
ताई