धरणावरून येणारा फोन

१२ एप्रिल

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघाही यंदा फारसा कुरकुरत नाही. जावईबापूंचा खोकला गेला का? माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीचा फोटो मिळाला. रंग छान आहे. निवृत्त झाल्यावर कधी राहायला येतेस, हा तुझा प्रश्नही पोचला. त्यावर येतेच, पण आधी बर्फाचं सांगते.

यंदा डोंगरावर बर्फ भरपूर पडला आणि वितळायच्या ऐन वेळी ढगांनी ठाण मांडलं. उपग्रहाच्या चित्रात नुसते ढग. खाली बर्फ किती उरलाय हेच कळेना, तर नदीला पाणी किती येणार याचं गणित आमचा कॉम्प्युटर तरी कसं करणार? शेवटी मी गाडी काढली आणि वर जाऊन हाताने मोजून आले. बर्फात नळी खुपसायची, बाहेर काढायची, वजन करायचं. या वयात मजा आली, खोटं कशाला बोलू.

बर्फ अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. पाण्याला जागा करून ठेवा, हे सांगायला येताना धरणावर थांबले. तिथले इंजिनिअर तुला ऐकून माहीत आहेत, रोज सकाळी फोन करून “आज किती पाणी येणार?” विचारणारे. आमचा अंदाज पहाटेच त्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप जातो. तरी फोन. मला वाटायचं, बिचाऱ्यांना फाइल उघडता येत नाही. म्हणून दर वर्षी ती कशी उघडायची ते मी सविस्तर लिहून पाठवायचे, चित्रांसकट. ते नेमाने आभार मानायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

त्यांच्या खोलीत शिरले, तर त्या दिवशीच्या अंदाजाची फाइल समोर उघडी. वाचून, खुणा करून झालेली.

“अहो, मग रोज फोन कशाला करता?”

ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, “तुम्ही आता निवृत्त होणार. मग कुठल्या निमित्ताने करू, याच विचारात आहे.”

मी एवढी आकडेमोड करणारी बाई, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडायला इतकी वर्षं लागली.

तर ठमे, खोलीचं. मी तिथे राहायला येणार नाही. इथेच राहणार, त्यांच्याबरोबर, रीतसर लग्न करून. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसलेय. तुझ्या बाबांना विसरले असं मनात आणू नकोस. ते गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि ते मी तुला कधी कळू दिलं नाही. तू हौसेने खोली रंगवलीस, तुझा हिरमोड होईल, या भीतीने सगळं पत्र बर्फावर खर्च केलं.

नदी उतरली की आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ. राग आला असेल तर माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. त्यांच्याशी मात्र नीट बोल, माणूस लाजाळू आहे. आणि मी खुशीत आहे गं. फार खुशीत आहे.

तुझ्या होकारासाठी न थांबलेली, पण त्याची वाट बघणारी,
तुझी आई