खिडकीकडची रांग

सोमवार, ८ जानेवारी

बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, आणि आज वर्गात माझी बोबडी वळली! कारण काय, तर जोडवर्ग. म्हणजे एका तासात दोन कामं – विज्ञानही शिकवायचं आणि परकी भाषाही. प्रयोग मी करायचा, बोलायचं मात्र परक्या भाषेत. शेजारी भाषाबाई उभ्या, माझी वाक्यं सावरायला. त्यांनी आख्खी भिंत वाक्यांच्या पट्ट्यांनी भरून टाकलीय. मी पट्टी वाचते, मुलं माझ्यामागून म्हणतात. झालं विज्ञान!

मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलं शिकतील तशा तुम्हीही शिकाल." ह्या वयात?

मंगळवार, ९ जानेवारी

नियम ठरला. तासाला घरची भाषा बोललं की बाकावर लाल पट्टी आणि वहीत एक खूण. दहा खुणा झाल्या की मूल जोडवर्गातून साध्या, घरच्या भाषेतल्या वर्गात. कल्पना भाषाबाईंची. पण मलाही पटली, खोटं कशाला बोलू – वर्ग गप्प असला की माझी धडधड जरा कमी होते.

गुरुवार, ११ जानेवारी

लाल पट्टी आज तीनदा एकाच मुलीकडे. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसते. कधी पुढे झुकून, कधी मागे वळून सारखी कुजबुज. मी मनात तिचं नावच ठेवलंय – कुजबुजी. उभं केलं की बुटांकडे बघत राहते.

घरी आले तर हे म्हणतात, "आज कोणत्या भाषेत रागावणार?"

सोमवार, २२ जानेवारी

आजचा दिवस माझा! बर्फाच्या पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. बाहेरून थेंब जमले. हे पाणी कुठून आलं? – एवढं मला आता पट्टीकडे न बघता विचारता येतं. लगेच चाचणी घेतली. निम्म्या वर्गाने लिहिलं, ग्लास गळतो. पण खिडकीकडची रांग! पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत सगळ्यांचं बरोबर – हवेतली वाफ गार ग्लासला लागली आणि तिचं पाणी झालं. वाक्यं मोडकीतोडकी, पण मुद्दा पक्का. म्हणजे माझं शिकवणं पोचतंय कुठेतरी.

ह्यांना दोनदा सांगितलं. "त्या बाजूला उजेड बरा येत असेल," म्हणे. ह्या माणसाला कशाचं म्हणून कौतुक नाही.

कुजबुजीचंही उत्तर बरोबर होतं. बघून लिहिलं असणार.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

कुजबुजीच्या दहा खुणा भरल्या. साध्या वर्गात पाठवायच्या मुलांच्या यादीवर दोघींच्या सह्या लागतात. भाषाबाईंनी केली, मी केली. चहा गार व्हायच्या आत काम उरकलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

तिची आई आली होती. शिवणकाम करते. कामावरून तशीच उठून आलेली, ओढणीला टाचण्या लावलेल्या. म्हणाली, "पुढच्या मोठ्या शाळेत जोडवर्गातलीच मुलं घेतात ना, बाई. तिला तिथे जायचंय. रोज घरी धाकटीला समोर बसवून तुमचा धडा शिकवून दाखवते."

मी नियम सांगितला. ती "बरं" म्हणाली आणि गेली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आज पेटत्या मेणबत्तीवर बरणी पालथी घातली. मेणबत्ती का विझली, ते लिहा. खिडकीकडच्या रांगेत एकाचंही उत्तर बरोबर नाही! एकाने लिहिलंय, मेणबत्ती दमली. एकीने भिंतीवरची पट्टी जशीच्या तशी उतरवलीय, तीही पाण्याच्या धड्यातली. भाषेचे पूर्ण गुण. विज्ञानात भोपळा.

मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरच्या मुलीला घरच्या भाषेतच विचारलं, तुमच्या रांगेला झालंय काय?

"आता सांगायला कोणी नाही ना, बाई."

"आधी कोण सांगायचं?"

तिने मागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "तुम्ही पट्टी वाचायच्यात, मग ती आम्हाला सांगायची, म्हणजे काय ते. ती घरून दोन्ही भाषांतली पुस्तकं वाचून यायची."

लाज वाटतेय. माझं काम ती करत होती, आणि मी तिच्या बाकावर लाल पट्टी ठेवत होते. तीही मोठ्या ऐटीत!

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "यादी बंद झालीय. बदलायची तर लेखी द्या. चूक कोणाची, तेही लिहा. ते वर जाईल, हे लक्षात ठेवा."

भाषाबाई जिन्यात गाठ पडल्या. चेहरा उतरलेला. "माझी नेमणूक ह्या वर्षापुरतीच आहे हो." पोरसवदा बाई ती. तिला कशाला अडकवू? पट्ट्या तिच्या असतील, पण मुलांना कळत नव्हतं, तो दोष माझा.

सोमवार, १९ फेब्रुवारी

लिहून दिलं. चार ओळींसाठी पाच कागद फाडले. मला परकी भाषा पुरेशी येत नाही. माझं शिकवणं मुलांना कळत नव्हतं. ही मुलगी त्यांना ते समजावत होती. तिच्या दहाही खुणा माझ्या नावावर घ्याव्यात आणि तिला वर्गात परत घ्यावं.

देण्याआधी ह्यांना दाखवलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "अक्षर छान आलंय." उठून चहा केला. आख्ख्या संसारात तिसऱ्यांदा.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

उत्तर नाही. साध्या वर्गावरून जाताना मान वर करायचा धीर होत नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

उत्तर आलं. कुजबुजी आजपासून जोडवर्गात. मी नाही. माझ्या जागी नवे सर आलेत, परकी भाषा फाडफाड बोलतात. मला साधा वर्ग.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी कुजबुजी उभी! पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती. "बाई, सरांचे शब्द कळतात. पण पाण्यात टाकलेलं मीठ गेलं कुठे, ते नाही कळलं. तुम्ही सांगाल?"

मी म्हटलं, ये की आत.

"एकटी नाहीये मी," म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात खिडकीकडची आख्खी रांग उभी होती, वह्या घेऊन.