‘पुट अप विथ’ आणि नांदूरचे घर

मी, दीपमाला सावळीराम निमसे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार नांदूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर दडपण आणील असा माणूस नांदुरात अजून जन्मला नाही.

१. माझे राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा महेश यास देत नाही. कारण लिहिण्याची कायद्याला गरज नाही, मला आहे.

गेल्या वर्षी माझ्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा महेशने मला गंगापूर रोडच्या आपल्या फ्लॅटवर नेले. तिथे एकदा तो त्याच्या साहेबांना म्हणाला, “मदर इज हिअर. वी पुट अप विथ हर.” साहेब गेल्यावर मी अर्थ विचारला.

“म्हणजे तू आमच्याकडे राहतेस, आई. तूच तर शिकवलंस.”

मी शिकवले होते ते असे: ‘पुट अप’ म्हणजे मुक्कामाला ठेवणे. त्याला ‘विथ’ चिकटले, की नाइलाजाने सहन करणे. पोरगा पहिल्यापासून कच्चा, म्हणून पुन्हा समजावले. त्याने मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात तो सूनबाई निकिताला विचारत होता. दार उघडेच होते.

“हाऊ लाँग डू वी हॅव टू पुट अप विथ हर?”

वाक्यात एकही चूक नव्हती.

मी धाकटी जाऊ गोजराबाई हिला फोन केला. बांधावरून, पाण्यावरून, सासूच्या पाटल्यांवरून आमचे उभे आयुष्य भांडणात गेले. ती मार्केटात कोथिंबीर उतरवून त्याच टेम्पोने आली.

“चल घरी,” ती म्हणाली. “तू नाय तर भांडू कोणाशी?”

महेश लिफ्टपर्यंत सोडायला आला. शिष्टाचार त्याला येतात. पुढे गोजराबाईने रोज शिव्या घालत मला अंगणात चालायला लावले.

२. सबब घर व भांडीकुंडी गोजराबाईस मिळावीत. पाटल्या मिळणार नाहीत. त्या सासूने मलाच दिल्या होत्या. त्या नात वेदिका हिस द्याव्यात.

३. बँकेतील ठेव माझ्या शाळेच्या वाचनालयास. तिच्यातून संस्थाचालकांच्या तसबिरी घेऊ नयेत.

४. महेश कधी नांदूरला आला, तर गोजराबाईने त्यास जेवू घालावे. ती घालीलच. त्याचे इंग्रजी ऐकून घेण्याचे बंधन तिच्यावर राहणार नाही.

हा मजकूर मी स्वतः वाचून, शुद्धलेखन तपासून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: दीपमाला सावळीराम निमसे

साक्षीदार:
१. जीवन कारभारी माळोदे (सही)
२. मीना गोरक्ष दिंडे (सही)

स्थळ: नांदूर, नाशिक
दिनांक: १८ जानेवारी २०२५