निळा सदरा

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबांना ज्या विषाणूने नेलं, त्याची प्रथिनं आपल्या पेशींतल्या कुठल्या प्रथिनांना धरतात, त्याचा नकाशा आम्ही लॅबमध्ये करतोय. उगाच चिकटलेलं सुटावं म्हणून नमुना धुवावा लागतो. घट्ट धरलेलं तेवढंच उरतं. काल मी इतकं धुतलं की तेही वाहून गेलं. लॅबच्या बाई रागावल्या नाहीत. ‘घरी जा,’ म्हणाल्या. मी खोलीवर आले.

नमुना धुवायला घेण्याआधीच दादाचा फोन आला होता. तू बाबांचे कपडे धुवायला काढलेस म्हणे.

निळा सदरा तेवढा राहू दे, आई. त्याला अजून त्यांचा वास असेल. मी येईपर्यंत धुऊ नकोस.

तुझी,
धाकटी