तीनपैकी दोन माझेच

आदरणीय अल्सीडमामा,

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींना आणि तळ्यात पाळलेल्या क्रॉफिश झिंग्यांना नमस्कार (यंदा माल चांगला जाडजूड निघाला म्हणे, बरं झालं, घराण्यात कुणाचं तरी कौतुक होतंय). माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त रक्त उकळतंय. ईस्टरआधीच्या उपासात लोक गोडधोड सोडतात, दारू सोडतात. मी यंदा राग सोडला होता. तो पहिल्याच शुक्रवारी विद्यापीठात, डीनच्या खोलीत सव्याज परत मिळाला.

माझ्या बढतीची सभा होती. तुम्हाला ठाऊकच आहे, उमेदीची सगळी वर्षं मी पाइनच्या जंगलातल्या त्या वेधशाळेत काढली. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशालाच थरथर सुटते, ती आमची यंत्रं पकडतात. पण यंत्राला काय कळतंय? शेजारून लाकडांचा ट्रक गेला तरी ते तसंच थरथरतं. तर कुठली थरथर आभाळातली आणि कुठली ट्रकवाल्या ब्रूसार्डची, हे निवडायची रीत मी शोधून काढली. (त्यासाठी मी ब्रूसार्डच्या मागे मागे जंगलभर गाडी घेऊन हिंडत होते, तेव्हा त्याच्या बायकोने मला काय काय सुनावलं, ते मामींच्या कानावर घालू नका.) त्या रीतीवर मी एकटीने एक शोधनिबंध लिहिला.

आता आमच्या धंद्यातली मेख ऐका. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा हवाला दिला, की तुमच्या नावावर एक संदर्भ जमा होतो, आणि माणसाची किंमत ठरते ती या संदर्भांवर. मोठ्या शोधांचे निबंध आम्ही हजारभर जण मिळून छापतो. नावं आडनावाच्या अक्षरांप्रमाणे. त्यात आमोट सगळ्यांच्या आधी येतो, म्हणून सारं जग म्हणतं, ‘आमोट आणि इतर’. हा आमोट पहिली लहर सापडली तेव्हा मिनेसोटात, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसला होता! मी व्हेरे. म्हणजे ‘इतर’, आणि तेही पार तळाशी, जिथवर माझी सख्खी आईसुद्धा चष्मा लावून पोचली नाही.

डीन प्रुएट माझी कागदपत्रं चाळत म्हणाले, “बाई, या हजारांच्या निबंधांत तुमचा वाटा कसा मोजायचा? तुमच्या एकटीच्या निबंधाला तर तीनच संदर्भ आहेत.”

“तीन तर तीन.”

“त्यातले दोन तुमचेच.”

“मग तिसरा बघा ना!”

“तिसऱ्याने लिहिलंय, की तुमचं एक समीकरण चुकलंय.”

त्या तिसऱ्याला, विनिपेगच्या हॅलोरनला, मी तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तो भला माणूस म्हणाला, “अहो, एक उणे चिन्ह राहिलंय, एवढंच! बाकी तुमची रीत तर आम्ही सगळेच रोज वापरतो.” मला वाटलं, जिंकले! विचारलं, “मग माझं नाव का देत नाही?” तर म्हणतो, “आता ती इतकी अंगवळणी पडलीय, की कुणाची तरी असेल असं वाटतच नाही.”

मामा, मी टेबलावर अशी मूठ आपटली की डीनची कॉफी त्यांच्या टायवर गेली. म्हटलं, “मग आठवडाभर माझी रीत बंद ठेवा, आणि ब्रूसार्डचा ट्रक गेला की आमोटला पदक द्या!” आमोट समोरच बसला होता, समितीत (त्याला बढती मागेच मिळालीय). हळूच म्हणाला, “व्हेरे, आडनाव काय मी निवडलं?” मी म्हटलं, “तू गप्प बस. तुझं आडनाव बोलतंय तेवढं पुरे आहे.” डीननी टाय पुसला आणि माझी बढती एक वर्ष पुढे ढकलली. संदर्भ वाढवून या म्हणे. जसे काही ते बाजारात मिळतात!

गाडीत बसून रडले. रागानेच. पहिली लहर सापडली, ट्रकची नव्हे, खरीखुरी, तेव्हाही मी एका कोपऱ्यात अशीच रडले होते. तेव्हा मात्र कुणी काही मोजत नव्हतं.

असो. गुडघ्याला जपा. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
युलाली

ता. क. – खरं काम असं आहे, की आईने बढती मिळाली असं चर्चमध्ये आधीच जाहीर करून टाकलंय. रविवारी तुमच्याच अंगणात अख्खं गाव जेवायला येतंय, केकवर ‘प्राध्यापक युलाली’ असं लिहून घेतलंय. तिला सांगायचा धीर मला नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्हीच सांगा. क्रॉफिश उकळत टाकायच्या आधी सांगा; एकदा वाढायला उभी राहिली, की ती कुणाचं ऐकत नाही.

ता. ता. क. – पाकीट चिकटवणार एवढ्यात टेक्सासच्या एका मुलीचा निबंध माझ्याकडे तपासायला आला. काम फार सुरेख आहे, बोट ठेवायला जागा नाही. परत पाठवला. म्हटलं, आधी संदर्भांत माझं नाव घाल. पाच ठिकाणी.